उडी न मारणारी माशी

पिकलेलं केळं ओट्यावर विसरून गावाला जा. परत आल्यावर त्याच्याभोवती बारीक, लालसर डोळ्यांची चिलटं नाचताना दिसतील. शास्त्रज्ञ त्यांना ड्रॉसोफिला मेलानोगास्टर म्हणतात, आपण सोयीसाठी फळमाशी म्हणू. (कोकणातले आंबेवाले जिला फळमाशी म्हणतात आणि जिच्यासाठी झाडाला सापळे लटकवतात ती वेगळी, मोठी आणि जास्त उपद्रवी. तिची आणि हिची गल्लत नको.)

हे चिलट केळ्यापर्यंत वासावर येतं. त्याचं नाक म्हणजे डोक्यावरच्या दोन छोट्या मिशा, ज्यांना शृंगिका म्हणतात, आणि तोंडाजवळचे दोन आणखी छोटे अवयव, ज्यांना पाल्प म्हणतात. एका शृंगिकेत वास ओळखणाऱ्या चेतापेशी साधारण १२००, एका पाल्पमध्ये साधारण १२०. बस्स. एवढ्या तुटपुंज्या हार्डवेअरवर ही माशी पिकलेलं आणि सडलेलं फळ यांतला फरक ओळखते, जोडीदार शोधते आणि अंडी कुठे घालायची हेही ठरवते.

आता गंमत बघा. माशीच्या जिनोममध्ये गंध पकडणाऱ्या रिसेप्टर प्रथिनांच्या मुख्य कुटुंबाची सुमारे ६० जनुकं आहेत. ही साठच्या साठ जनुकं प्रत्येक पेशीत असतात. नाकातल्या पेशीत असतात तशी पायातल्या पेशीतही असतात. पण नाकातली एक चेतापेशी सहसा त्यातलं एकच जनुक उघडते आणि बाकीची कुलूपबंद ठेवते. शेजारची पेशी दुसरं उघडते. शिवाय कोणती पेशी कोणतं उघडणार हे प्रत्येक माशीत तेच, त्याच जागी.

आमच्या धंद्यातल्या भाषेत बोलायचं तर सगळ्या मशीनवर सोर्स कोड एकच आहे, पण प्रत्येक मशीनवर वेगळं मोड्यूल चालू आहे. मग कॉन्फिगरेशन फाईल कुठे आहे? ती कोण लिहितं?

या प्रश्नालाच जीवशास्त्रात जनुक नियमन म्हणतात. गेले काही शनिवार-रविवार मी या एका प्रश्नाचा इतिहास वाचतोय. वाचायला लागलो तेव्हा वाटलं होतं की गोष्ट अमेरिकेत सुरू होऊन अमेरिकेतच संपेल, पण ती मध्येच कुलाब्याला येते. म्हणून म्हटलं, नीट लिहूनच काढावी.

मोडकी माशी शोधा

फळमाशी प्रयोगशाळेत प्रसिद्ध झाली ती टी. एच. मॉर्गनमुळे. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याला लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि त्यातून जनुकं गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध होत गेलं. पण तेव्हाचा सगळा भर दिसणाऱ्या गोष्टींवर होता. डोळ्याचा रंग, पंखाचा आकार, अंगावरचे केस.

साठच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये सीमूर बेंझर नावाच्या माणसाने विचारलं की माशीच्या वागण्याचं काय? वागणंही जनुकांतून येतं का? मूळचा भौतिकशास्त्रज्ञ असल्यामुळे त्याची पद्धत एकदम रोखठोक होती. माश्यांना रसायन देऊन त्यांच्या जनुकांत यादृच्छिक चुका घडवून आणायच्या. मग हजारो पिल्लांमधून अशी माशी शोधायची, जी एका बाबतीत चुकीचं वागते. उजेडाकडे जात नाही, किंवा रात्र-दिवसाचा ताल चुकवते. मग तिच्यात कोणतं जनुक बिघडलंय ते शोधायचं.

ज्याने कधी दुसऱ्याचा, कागदपत्र नसलेला कोड सांभाळला असेल त्याला ही पद्धत लगेच पटेल. कोड वाचून कळत नसेल तर एकेक ओळ काढून टाका आणि काय बंद पडतं ते बघा. क्रूर आहे, पण चालते.

कुलाब्याचं वळण

ओबेद सिद्दीकी मूळचे उत्तर प्रदेशातले. अलीगढला शिकले, ग्लासगोमध्ये पीएच.डी. केली, अमेरिकेत जिवाणूंच्या जनुकांवर मोलाचं काम केलं. १९६२ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्या टीआयएफआरमध्ये आले आणि तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांच्या त्या समुद्रकाठच्या इमारतीत जीवशास्त्राचा हा पहिला पाय.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते बेंझरकडे गेले. दोघांनी मिळून अशा माश्या शोधल्या ज्या एरवी ठणठणीत असतात, पण तापमान वाढवलं की लुळ्या पडतात, आणि गार केलं की पुन्हा उठून चालू लागतात. यातल्या काही माश्यांमध्ये चेतापेशींतून विजेचा संदेश वाहण्यातच बिघाड होता. हे काम १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं.

मुंबईला परतल्यावर सिद्दीकींनी ठरवलं की आता चव आणि वास. त्या वेळी हा विषय जवळपास ओसाड होता. डोळ्यावर जग काम करत होतं, नाकाकडे कोणी फारसं बघत नव्हतं.

१९७७ मध्ये त्यांच्याकडे एक विद्यार्थिनी आली. व्हेरोनिका रॉड्रिग्ज. मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म केनियातला, शिक्षण आधी युगांडात मॅकेरेरे विद्यापीठात आणि मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. अशी मुलगी पीएच.डी. करायला थेट मुंबईला आली. तो काळ डोळ्यांसमोर आणा. इथली हुशार मुलं तेव्हा विमानाची तिकिटं काढून उलट्या दिशेने निघाली होती!

दोघांनी इंग्रजी वाय अक्षरासारखी नळी वापरली. माश्यांची सवय वर चढायची. त्या चढत दुबेळक्यापाशी आल्या की एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. शहाणी माशी वासाप्रमाणे फाटा निवडते. जिला वास येत नाही ती कुठेही जाते. किती माश्या कुठे गेल्या ते मोजायचं. झालं उपकरण. १९७८ मध्ये त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध छापून आला, आपल्याच भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात. वास न येणाऱ्या या माश्यांच्या जनुकांना त्यांनी ओल्फ-ए, ओल्फ-बी अशी नावं दिली.

लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरांच्या जातकुळीतल्या घुशीसारख्या प्राण्यात, म्हणजे रॅटमध्ये, गंध रिसेप्टर शोधले ते १९९१ मध्ये. त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. मुंबईतलं हे काम त्याच्या तेरा वर्षं आधीचं. रिसेप्टर ही चीज नेमकी काय असते हे माहीत नसताना ही माणसं काचेच्या नळीत माश्या मोजत बसली होती.

बिघाड कुठल्या मजल्यावर?

आता या पद्धतीतली मेख सांगतो. वास येत नाही एवढ्यावरून नाकच बिघडलंय असं म्हणता येत नाही.

समजा एखाद्या साईटवर फोटो दिसत नाहीयेत. फोटो दाखवणारा कोड बिघडलेला असू शकतो. नेटवर्क गेलेलं असू शकतं. नाहीतर कोणत्या पानावर कोणता फोटो लावायचा हे ठरवणारी सेटिंग चुकलेली असू शकते. बाहेरून लक्षण एकच, आत बिघाड तीन वेगळ्या मजल्यांवर.

ओल्फ-डीचं नेमकं हेच झालं. अमेरिकेत १९७९ मध्ये वेगळ्या प्रयोगातून एक वास न येणारी माशी सापडली होती, तिचं नाव स्मेलब्लाइंड, म्हणजे गंधांध. १९९० मध्ये लक्षात आलं की ओल्फ-डी आणि स्मेलब्लाइंड हे एकच जनुक. मग १९९४ मध्ये कळलं की हे जनुक चेतापेशींतल्या सोडियमच्या वाटेचं आहे. म्हणजे विजेची तार! आणि पुढची गंमत म्हणजे हे तेच पॅरा नावाचं जनुक, ज्याच्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाने माश्या गरम झाल्यावर लुळ्या पडतात. सिद्दीकी आणि बेंझर ज्या प्रकारच्या माश्यांमागे होते, फिरून त्याच दारात.

कुणी म्हणेल, वाया गेली की मेहनत. मला तसं वाटत नाही. तारेत असा बारीक दोष असू शकतो की चालणं-उडणं बऱ्यापैकी चालू राहतं पण वास जातो, हीसुद्धा माहितीच. पण एक खरं, की या वाटेने रिसेप्टर सापडत नव्हते. आणि कोणतं जनुक कुठे उघडायचं हे ठरवणारा मजला तर अजून कोणाला दिसलाच नव्हता.

रॉड्रिग्जबाईंनी दरम्यान दुसरी वाट धरली. पीएच.डी.नंतर त्या जर्मनीत ट्युबिंगेनला गेल्या. तिथे एरिक बुखनरबरोबर त्यांनी माश्यांना किरणोत्सारी साखरेसारखा एक पदार्थ दिला. मेंदूचा जो भाग काम करतो तो साखर जास्त ओढतो, त्यामुळे तो नंतर फिल्मवर उमटतो. माशीच्या मेंदूत नाकाकडून येणाऱ्या तारा बारीक गोळ्यांसारख्या गाठींमध्ये जाऊन मिळतात. ग्लोमेरुलस म्हणतात त्यांना, एकूण साधारण ५०. वेगळा वास दिला की वेगळ्या गाठी उजळतात असं १९८४ ते १९८८ या काळातल्या निबंधांतून त्यांनी दाखवलं. म्हणजे वासाचा मेंदूत नकाशा असतो. कोणता रिसेप्टर कुठे हे कळण्याच्या दहा-बारा वर्षं आधी नकाशाची बाह्यरेषा तयार होती.

सहा नंबर

इकडे अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन कार्लसनच्या प्रयोगशाळेने १९८९ मध्ये आणखी सोपी परीक्षा काढली. माशीवर अचानक तीव्र वासाची वाफ सोडली तर ती दचकून उडी मारते. मग उडी न मारणाऱ्या माश्या वेगळ्या काढा. त्यांना नाव दिलं ॲबनॉर्मल केमोसेन्सरी जंप, म्हणजे रसायनाच्या वासाला उडी मारण्यातली गडबड. थोडक्यात एसीजे. त्यातली सहावी ती एसीजे-६.

नाव अगदी बगच्या तिकिटासारखं आहे. काय बिघडलंय माहीत नाही, लक्षण एवढंच की उडी मारत नाही. तिकीट उघडं राहिलं, दहा वर्षं.

या दहा वर्षांत सगळ्यांचं लक्ष रिसेप्टरकडे होतं. १९९१ नंतर वाटलं होतं की रॅटचे रिसेप्टर सापडलेत तर त्यांच्याशी जुळणारी जनुकं माशीत चुटकीसरशी सापडतील. क्रम जुळवून बघायचा, एवढंच काम. पण काही केल्या जुळेना. आठ वर्षं गेली.

शेवटी येलमध्ये जुनह्यंग किम आणि कार्लसन यांच्या गटांनी संगणकाचा प्रोग्राम लिहिला, आणि इथे माझ्यासारख्याचे कान टवकारतात. त्यांनी अक्षरं जुळवणं सोडून दिलं. त्याऐवजी प्रथिनाच्या स्वभावाकडे बघितलं. असं प्रथिन पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर विणलेलं असतं. आवरणातला भाग तेलकट, बाहेरचा पाणीदार, आणि हे तालात एकाआड एक येतं. प्रोग्रामने माशीच्या तेव्हा हाती असलेल्या अर्धवट जिनोममध्ये हा ताल शोधला. (पूर्ण जिनोम मार्च २००० मध्ये प्रसिद्ध झाला.) आणि सापडले! १९९९ मध्ये कार्लसनच्या गटातल्या पीटर क्लाइन वगैरेंनी आणि कोलंबियात ॲक्सेलच्या गटातल्या लेस्ली व्हॉसहॉल वगैरेंनी, जवळपास एकाच वेळी, माशीचे गंध रिसेप्टर जाहीर केले.

अक्षरं का जुळत नव्हती याचं उत्तर पुढे २००६ मध्ये मिळालं. कीटकांचे गंध रिसेप्टर आवरणात उलटे बसलेले असतात. सस्तन प्राण्यांमध्ये जे टोक बाहेर, ते यांचं आत. म्हणजे दोन्हींचं कुळच वेगळं, नातं नाहीच. नातेवाईक समजून आठ वर्षं पत्ता विचारत फिरले, आणि तो निघाला परका माणूस.

त्याच वर्षी, १९९९ मध्येच, एसीजे-६ चं तिकीटही बंद झालं. क्लाइन आणि मंडळींनी दाखवलं की हे जनुक रिसेप्टरचं नाही आणि विजेच्या तारेचंही नाही. ते पीओयू कुळातला ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर बनवतं. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणजे असं प्रथिन जे दुसऱ्या जनुकांच्या शेजारी डीएनएवर जाऊन बसतं आणि ते जनुक उघडायचं की बंद ठेवायचं हे ठरवायला मदत करतं. म्हणजे आपला कॉन्फिगरेशनचा मजला!

पुरावाही सुरेख होता. एसीजे-६ बिघडलेल्या माशीच्या पाल्पमधल्या चेतापेशी मेलेल्या नव्हत्या. काही ठिकाणी त्या गप्प होत्या, काही अगदी नेहमीसारख्या, आणि काही मात्र भलत्याच वासाला उत्तर देत होत्या. पेशी तीच, तार तीच, पण नेमणूक बदललेली.

अख्ख्या गोष्टीतली माझी आवडती जागा ही. उडी न मारणारी माशी बहिरी नव्हती. तिच्या नाकातले हुकूम चुकीच्या टेबलांवर गेले होते.

हुकूम कसा लिहिलेला असतो

इथून पुढे प्रश्न उलगडत गेला, आणि त्यातला एक मोठा तुकडा पुन्हा मुंबईतला आहे.

माशीच्या नाकावर तीन प्रकारचे सूक्ष्म केस असतात. बेसिकॉनिक, ट्रायकॉइड आणि सीलोकॉनिक. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, एवढंच पुरे की चेतापेशी या केसांच्या बुडाशी दोन-चारच्या गटाने राहतात आणि केसाच्या प्रकाराप्रमाणे त्यांची कामं वेगळी असतात. आता टीआयएफआरमध्ये स्वतःची प्रयोगशाळा चालवणाऱ्या रॉड्रिग्ज यांच्या गटाने १९९७-९८ मध्ये दाखवलं की हा प्रकार कोण ठरवतं. सीलोकॉनिक केसांना ॲटोनल नावाचं जनुक लागतं. आणि लोझेंज नावाचं जनुक बाकीच्या दोन प्रकारांमध्ये मात्रेने निवड करतं. लोझेंज भरपूर असेल तर बेसिकॉनिक वाढतात, कमी असेल तर ट्रायकॉइडकडे कल जातो.

ॲटोनल आणि लोझेंज ही दोन्ही जनुकं माशीच्या डोळ्याच्या अभ्यासातून आधीच माहीत होती. लोझेंजचं नावच मुळी बिघडलेल्या डोळ्याच्या आकारावरून पडलंय. तेच नोकर डोळ्यातही राबतात आणि नाकातही. निसर्ग नवीन लायब्ररी लिहिण्यापेक्षा जुनीच पुन्हा वापरतो. शहाणाच म्हणायचा.

म्हणजे पायऱ्या अशा. आधी केसाचा प्रकार ठरतो. मग एका मूळ पेशीचं विभाजन होऊन भावंडं तयार होतात, आणि त्यांच्यात वाटणी होते. एका भावंडात नॉच नावाचा संदेश चालू राहतो, दुसऱ्यात बंद. जपानमधल्या एका गटाने २००७ मध्ये दाखवलं की या चालू-बंदवरून दोघांचा रिसेप्टरही ठरतो आणि मेंदूतली गाठही. एकाच घरातली दोन भावंडं, पण एक इकडे नोकरीला, एक तिकडे.

त्याच वर्षी कार्लसनच्याच गटातल्या आनंदशंकर रे यांनी आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या शेजारचा डीएनए वाचून हुकमाचा मजकूरच शोधला. पाल्पमध्ये उघडणाऱ्या रिसेप्टर जनुकांच्या शेजारी ठरावीक छोटे क्रम सापडले. एका क्रमाचा अर्थ, पाल्पमध्ये असशील तर उघड. दुसऱ्याचा अर्थ, शृंगिकेत असशील तर बंद राहा. हा दुसरा क्रम बिघडवला की पाल्पचं जनुक नको तिथे उघडायला लागतं. शिवाय प्रत्येक जनुकाजवळ शेजारच्या प्रकारच्या पेशींमध्ये उघडू नको असं सांगणारे आणखी क्रम.

म्हणजे साध्या भाषेत हे, आणि हे, पण ते नाही. आपण रोज लिहितो तसल्याच अटी. फरक एवढाच की आपल्या अटी वरून खाली वाचल्या जातात आणि या अटी म्हणजे डीएनएवर दाटीवाटीने बसलेली, एकमेकांना ढकलणारी प्रथिनं.

अशी प्रथिनं किती लागतात? स्वीडनमधल्या मॅटियास अलेनियसच्या गटाने २०१२ मध्ये एकेक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर बंद करून बघितला आणि सात महत्त्वाचे फॅक्टर वेगळे काढले. त्यांत आपलं एसीजे-६ आहेच. यातला एकच फॅक्टर एका जनुकाला उघडतो आणि दुसऱ्याला दाबतो. सातच्या चालू-बंद जोड्या केल्या तर १२८ होतात, आणि निवडायचे तर काही डझन प्रकार. म्हणून साठ जनुकांना साठ मुनीम लागत नाहीत, मोजके मुनीम वेगवेगळ्या जोड्या करून काम भागवतात.

नेमणूक आधी, काम नंतर

उंदराशी तुलना केली की माशीचं वेगळेपण कळतं. उंदराकडे अशी हजारावर जनुकं. तिथे प्रत्येक पेशी त्यातलं एक बरंचसं नशिबावर निवडते. सोडत काढल्यासारखं. एकदा एक उघडलं आणि त्याचं प्रथिन तयार झालं की तेच प्रथिन बाकीच्यांना बंद ठेवायला लावतं. शिवाय पेशीची तार मेंदूत कुठे जाणार यातही त्या रिसेप्टरचा हात असतो.

माशीत असं नाही. २००३ मध्ये कार्लसनच्या गटाने एका विशिष्ट चेतापेशीचं रिसेप्टर जनुक काढून टाकलं. पेशी जिवंत राहिली. तिने त्याच्या जागी दुसरं उघडलं नाही. नुसती गप्प बसली, रिकाम्या खुर्चीसारखी. त्या रिकाम्या पेशीत त्यांनी दुसरे रिसेप्टर एकेक करून बसवले, तर ती त्या त्या रिसेप्टरच्या वासाला उत्तर द्यायला लागली. नाकाचे सुटे भाग एकाच टेस्ट बेंचवर लावून बघता आले. आणि रिसेप्टर काढला किंवा बदलला तरी माशीत तार आपल्या ठरलेल्या गाठीकडेच जाते.

म्हणजे माशीच्या पेशीची ओळख तिच्या रिसेप्टरवरून ठरत नाही. ओळख आधी ठरते, नियमन करणाऱ्या प्रथिनांनी, आणि रिसेप्टर हा त्या ओळखीचा एक परिणाम. मेंदूतली जागा हा दुसरा परिणाम. ही दोन्ही एकाच हुकमातून आली तरच वासाचा अर्थ लागतो. व्हिनेगरचा रिसेप्टर जर सडक्या वासाच्या गाठीला जोडला गेला तर माशी उपाशी मरेल. मला विचाराल तर नोबेल मिळालेल्या रिसेप्टरइतकंच हे नियमन मोलाचं आहे. सुटे भाग कुठलेही असोत, जोडणी चुकली की सगळं चुकलं.

याचं करायचं काय

आता तुम्ही म्हणाल, चिलटाच्या नाकात एवढं काय ठेवलंय. तर चिलटाची एक नातेवाईक आपल्या घरात, पावसाळ्यात, पलंगाखाली असते.

माणसाला शोधताना डास आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास दोन्ही वापरतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाच्या बहुतेक गंध रिसेप्टरना लागणारा एक सामायिक जोडीदार असतो, ओर्को. २०१३ मध्ये व्हॉसहॉलच्या गटाने ओर्को बिघडवलेले डास तयार केले. त्यांना माणूस आणि इतर प्राणी यांतला फरक नीट कळेना, पण कार्बन डायऑक्साइड असेल तर ते माणसाकडे येतच राहिले. एक वायर कापली तरी दिवा जळतोच!

याचं एक कारण २०२२ मध्ये पुढे आलं, आणि ते पुन्हा नियमनाचंच. एडीसच्या बऱ्याच चेतापेशी एक पेशी, एक रिसेप्टर हा नियम पाळतच नाहीत. त्या एकाच वेळी वेगवेगळ्या कुळांतले रिसेप्टर उघडतात. एक बंद पडला तर दुसरा आहेच. त्याच वर्षी फळमाशीतही हा नियम आपण समजत होतो तेवढा कडक नाही असं दिसलं, विशेषतः ओर्कोसारखे जोडीदार रिसेप्टर अनेक पेशींमध्ये एकत्र सापडले. म्हणजे डासाला फसवायचं तर एखादा रिसेप्टर अडवून भागणार नाही. कोणते रिसेप्टर कुठे एकत्र उघडतात, आणि ते कोण ठरवतं, हे कळायला हवं. १९७८ मध्ये वायच्या नळीशी सुरू झालेला प्रश्न आज डेंग्यूच्या वॉर्डापर्यंत पोचलाय तो असा.

सिद्दीकींनी पुढे बंगळूरला एनसीबीएस ही संस्था उभी केली. २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. २०१३ मध्ये रस्त्यावरच्या अपघातानंतर ते गेले. रॉड्रिग्ज त्यांच्याही आधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, कर्करोगाने गेल्या. टीआयएफआरच्या जीवशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख होत्या, आणि आज देशात माशीच्या चेतासंस्थेवर काम करणाऱ्या कितीतरी जणांची वंशावळ त्यांच्यापाशी आणि सिद्दीकींपाशी जाऊन पोचते. बक आणि ॲक्सेल आपल्याला सामान्यज्ञानाच्या प्रश्नात तरी भेटतात. या दोघांची नावं मात्र कुलाब्याच्या बसने रोज ये-जा करणाऱ्यालाही माहीत नसतात. मला ते खटकतं. नोबेल मिळालं नाही म्हणून नव्हे. आपल्या शहरात, भाड्याचं कसलंही मोठं यंत्र नसताना, एका काचेच्या नळीतून इतका लांबचा प्रश्न विचारता येतो, हे इथे शिकणाऱ्या पोरांना कळायला हवं म्हणून.

२०२४ मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूची वायरिंग प्रसिद्ध झाली. जवळजवळ १ लाख ३९ हजार चेतापेशी, प्रत्येकीची जोडणी नोंदलेली. आता एखाद्या नियामक जनुकाला हात लावला तर पुढे कुठल्या तारा हलतात हे त्या नकाशावर ठेवून बघता येतं. आणि जनुकांच्या यादीत एसीजे-६ हे नाव अजून तसंच आहे. मेंदूतल्या दुसऱ्या पेशींच्या तारा कुठे जुळाव्यात हेही तेच जनुक ठरवतं असं नंतर कळलं, काम केवढं तरी वाढलं, पण नाव कोणी बदललं नाही. वास आला तरी उडी न मारणारी, सहा नंबरची माशी.

असो. लेख लांबला. ओट्यावरचं केळं आता उचला.